कमी चालणारी गाडी : सर्व्हिसिंग किलोमीटरवर करावी की महिन्यांवर?

अमरावती, अकोला किंवा अचलपूरच्या बाजारपेठेत दुकान असणाऱ्या अनेकांच्या दारात कार असते, परंतु ती फारशी चालत नाही. रोजच्या कामाला दुचाकी बरी पडते. कार निघते ती पावसात, घरच्यांना दवाखान्यात न्यायचे असेल तेव्हा किंवा नात्यातल्या लग्नाला. अशा गाडीचे सर्व्हिसिंग केव्हा करावे, याला दोन टोकांची उत्तरे मिळतात. काही जण म्हणतात, ‘गाडी चाललीच नाही, मग सर्व्हिसिंग कशाला?’ काही जण वर्कशॉपवाला सांगेल त्या सगळ्यावर सही करून मोकळे होतात. पहिल्या मार्गाने इंजिन जाते, दुसऱ्याने पैसा. या दोहोंमधला मार्ग कोणता, ते आपण पाहू.

आधी हिशेब मांडा

समजा, घर ते दुकान ४ किलोमीटर आहे. जाऊन येऊन ८ किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस धरले तर २,४०० किलोमीटर होतात. अकोला-अमरावती अंतर सुमारे १०० किलोमीटर. वर्षातून अशा सहा फेऱ्या झाल्या तर आणखी १,२००. एकूण ३,६००. मारुती, ह्युंदाई यांसारख्या कंपन्यांच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी येईल तेव्हा सर्व्हिसिंग सांगितलेले असते. फक्त किलोमीटर पाहत बसलो तर आपली पाळी यायला पावणेतीन वर्षांहून अधिक काळ जाईल. म्हणून ‘जे आधी येईल’ हे शब्द महत्त्वाचे. कमी चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत महिनेच आधी येतात.

न चालता ऑईल खराब कसे होते?

एक लिटर पेट्रोल जळाले की जवळपास तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरमधून बाहेर जाते, पण थोडी वाफ आणि न जळालेले थोडे पेट्रोल पिस्टनच्या बाजूने खाली ऑईलमध्ये उतरते. गाडी लांबवर चालली तर ऑईल चांगले तापते आणि ही वाफ उडून जाते. ३-४ किलोमीटरवर गाडी बंद केली तर ऑईल तापतच नाही. ओलावा आत साठतो, ऑईल पातळ होते आणि पुढे त्याचा चिकट गाळ बनतो. ऑईल भरण्याच्या झाकणाच्या आतून पांढरट, दह्यासारखा थर दिसला तर बहुधा हेच झालेले असते. मात्र कूलंटची पातळीही घटत असेल तर मेस्त्रीला लगेच दाखवावे.

म्हणून आमचे सांगणे असे की किलोमीटर सारखे असले तरी सर्व गाड्या सारख्या नसतात. तीन प्रकार करता येतील.

पहिला : गाडी कमी चालते, पण महिन्यातून एकदा तरी हमरस्त्यावर जाते. तिला वर्षातून एक ऑईल बदल पुरेसा आहे.

दुसरा : गाडी केवळ गावातच, चार-पाच किलोमीटरच चालते. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकात ‘कठीण वापर’ असा वेगळा तक्ता असतो. त्यात छोट्या फेऱ्या आणि धूळ या दोन्ही गोष्टी येतात आणि मुदत साधारण निम्म्यावर आणलेली असते. अशा गाडीचे ऑईल सहा महिन्यांनी बदलावे, अथवा तिला महिन्यातून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर काढावे. अमरावतीकरांनी बडनेरा ओलांडून मूर्तिजापूरच्या दिशेने जावे, अकोलेकरांनी त्याच रस्त्याने उलट यावे. २०२२ च्या जूनमध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला होता.

तिसरा : गाडी महिनोन् महिने उभीच असते. मुलगा नोकरीसाठी आखातात आहे किंवा घरची मंडळी हजला गेली आहेत, अशी ही घरे. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

२०२० नंतरच्या डिझेल गाडीवाल्यांनी अधिक जपावे. तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जळण्यासाठी गाडी काही वेळ एका वेगाने चालावी लागते. गावातल्या गावात फिरणाऱ्याने डिझेल गाडी न घेतलेलीच बरी.

काय महिन्यांवर, काय किलोमीटरवर?

महिन्यांवर बदलण्याच्या वस्तू : इंजिन ऑईल व त्याचा फिल्टर, ब्रेक ऑईल, कूलंट, बॅटरी, टायर, वायपरचे रबर. सीएनजी गाडीच्या टाकीची तपासणीही दर तीन वर्षांनी करावीच लागते, गाडी चालो वा न चालो.

किलोमीटरवर किंवा झीज पाहून बदलण्याच्या वस्तू : ब्रेक पॅड, क्लच, स्पार्क प्लग, व्हील अलाइनमेंट. एअर फिल्टर मात्र डोळ्यांनी पाहून ठरवावा, कारण आपल्याकडे धूळ फार.

यांत ब्रेक ऑईलकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ते हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट-३ जातीचे ऑईल नवे असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. गावात हे कळत नाही. परंतु वर्षभर उभी असलेली गाडी सुट्टीत चिखलदऱ्याला नेली आणि घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला, तर ऑईल उकळून ब्रेक पोकळ लागण्याचा धोका असतो. गाडीत सगळे कुटुंब असते. त्यामुळे पुस्तकात दिल्याप्रमाणे, साधारण दोन-तीन वर्षांनी ते बदलावे आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा.

वऱ्हाडचे ऊन आणि पाणी

आपल्याकडचा उन्हाळा गाडीला वयस्कर करतो. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ अंशांवर गेला आणि जिल्ह्यात कलम १४४ लावावे लागले. अशा उन्हात बॅटरी आतून लवकर झिजते. त्यात छोट्या फेऱ्यांमुळे तिचे चार्जिंग पूर्ण होत नाही. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर कडक होऊन भेगा पडतात. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. पाच वर्षे उलटली की टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांपुढे वापरू नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. तिथले बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतले तर आत क्षार साचतात व गंज चढतो. कूलंट कमी झाले तर कंपनीने सांगितलेलेच भरावे.

गाडी उभी ठेवायची असेल तर

महिन्याहून अधिक काळ गाडी उभी राहणार असेल तर बॅटरीची वायर काढून ठेवावी. टायरमध्ये हवा पूर्ण भरावी. हँडब्रेक ओढून ठेवल्यास पावसाळ्यात तो जाम होतो, म्हणून सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा. नुसती सुरू करून पाच मिनिटांत बंद करण्याने फायदा नाही, उलट ऑईलमध्ये ओलावा वाढतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि तेही पाणी ओढते. तेव्हा तेच पेट्रोल टाकीत वर्षभर ठेवू नये. बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना, तेही पाहावे.

वर्कशॉपमध्ये जाताना

वॉरंटी चालू असेपर्यंत कंपनीने दिलेली तारीख चुकवू नका. ती चुकल्यास पुढे वॉरंटीचा दावा अडू शकतो. वॉरंटी संपल्यावर महिना आपण ठरवावा. आमच्या मते पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये मुख्य सर्व्हिसिंग करून ऑईल बदलावे. मार्चमध्ये ऊन तापण्यापूर्वी बॅटरी, कूलंट, पट्टे आणि टायरची केवळ तपासणी करावी.

गाडी देताना पुस्तकातला तक्ता सोबत न्या. जॉब कार्डवर कामे लिहून घ्या आणि वाढीव कामाला फोनवर विचारल्याशिवाय हात लावू नये, असे सांगा. इंजिन फ्लश, इंजेक्टर सफाई यांसारखी कामे तक्त्यात नसतील तर कारण विचारा. ब्रेक पॅड बदलायला सांगितले तर जुने पाहायला मागा. वर्षाला ३,६०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे पॅड लवकर संपत नाहीत.

प्रत्येक बिल जपून ठेवा. गाडी विकताना त्याचा उपयोग होतो. जुनी गाडी घेणाऱ्यानेही ‘फक्त २०,००० चाललेली’ एवढ्यावर भुलू नये. सात वर्षांत ती २०,००० चालली असेल तर ऑईल बदलाची किमान सात बिले दाखवायला सांगावीत.