कोयनेची एका दिवसाची वीज

संगमेश्वरातून ईशान्येला सरळ रेघ ओढली, तर तीसेक किलोमीटरवर, सह्याद्रीच्या पलीकडे कोयनेचं धरण लागतं. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी त्या परिसरातली जमीन हादरली. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, दोन हजारांवर जखमी झाली. भूकंप रिश्टर मापनावर 6.3चा.

आकडा दिसायला किरकोळ. तो विजेत मोजून पाहू. कोयना प्रकल्पाचे सगळे टप्पे मिळून आजची क्षमता 1960 मेगावॉट. सगळी जनित्रं पूर्ण क्षमतेनं अखंड चालवली, तर त्या भूकंपाच्या लहरींतून बाहेर पडली तेवढी ऊर्जा तयार व्हायला साधारण 25 तास लागतील. जमिनीनं ती काही सेकंदांत मोकळी केली.

हेच माप भूमध्य समुद्रात नेऊ. 28 डिसेंबर 1908 रोजी सिसिली बेटावरचं मेसिना शहर जमीनदोस्त करणारा भूकंप 7.1चा होता. फरक जेमतेम 0.8चा, पण ऊर्जा 16 पट. तेवढ्यासाठी कोयना अडीच आठवडे चालवावी लागेल. इसवी सन 365मध्ये तिथल्याच आणखी एका भूकंपात क्रीट बेटाचा पश्चिम किनारा 9 मीटरपर्यंत वर उचलला गेला. तो भूकंप 8.3चा धरला, तर ऊर्जा हजार पट आणि कोयनेची वीज जवळजवळ तीन वर्षांची.

कोयनेचा भूकंप धरणामुळे झाला, असं म्हणतात. मग धरणाच्या पाण्याचा वाटा किती? धरणामागच्या शिवसागर जलाशयात तेव्हा सुमारे 280 कोटी टन पाणी मावायचं. पण 100 मीटर खोल पाण्याचा दाब भरतो दर चौरस सेंटिमीटरला 10 किलो. 5 किलोमीटर खाली वरच्या खडकाचाच दाब 1300 किलोंच्या पुढे असतो. पाण्यानं खडक चिरडला नाही. ते भेगांत झिरपलं आणि आधीच ताणलेल्या खडकांची एकमेकांवरची पकड सैल झाली. ताण जमिनीचाच होता.

कोयनेच्या आसपास धक्के अजून बसतात. ‘बारीक धक्के बसलेले बरे, ताण निघून जातो,’ असं लोक म्हणतात. हिशेब तसं म्हणत नाही. एका 6.3ची बरोबरी करायला 5चे 90 धक्के हवेत, किंवा 4चे 2800. धरण भरू लागल्यापासून या भागात 5 किंवा त्याहून मोठे झाले वीस-बावीस, 4च्या वरचे दोनशेच्या आसपास. म्हणून बारीक धक्क्यांवर भिस्त ठेवण्यापेक्षा घराच्या जांभ्याच्या भिंतींवरून काँक्रीटचा सलग पट्टा फिरवून घेतलेला बरा.