केदेम

संध्येस पूर्वाभिमुख बसलेल्या माणसाचा उजवा हात सहजच दक्षिणेस येतो. ‘दक्षिण’ म्हणजे उजवा आणि ‘पूर्व’ म्हणजे पुढचा, तसाच आधीचाहि, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु संस्कृताच्या कुळाबाहेरील हिब्रू भाषेंतहि दिशांची मांडणी अशीच आहे, ही गोष्ट पुष्कळांस नवी वाटेल.

हिब्रूंत ‘केदेम’ म्हणजे समोरची बाजू, पूर्व दिशा आणि प्राचीन काळ. ‘यामीन’ म्हणजे उजवा, आणि दक्षिणहि; डावी ती उत्तर; भूमध्य समुद्र पश्चिमेस, म्हणून तो ‘मागचा समुद्र’. या शब्दाच्या दोन अर्थांनीं भाषांतरकारांस चांगलेंच पेचांत टाकलें आहे. ईश्वरानें एदेनची बाग ‘केदेम’ला लावली असें उत्पत्तीच्या पुस्तकांत आहे. ग्रीक भाषांतरानें तेथें पूर्व दिशा घेतली. ओंकेलोसच्या अरामी भाषांतरानें ‘आरंभीं’ असा अर्थ केला. आपल्या ‘पूर्वीं’ या शब्दाची आठवण व्हावी असाच हा प्रकार!

मात्र भाषेचें तोंड पूर्वेकडे असलें तरी यहुद्यांच्या उपासनेचें नव्हतें. यरुशलेमच्या मंदिराचें द्वार पूर्वेस, पण परमपवित्र गाभारा पश्चिमेच्या टोंकास. भक्ताची पाठ उगवत्या सूर्याकडे होई. मंदिराकडे पाठ फिरवून सूर्याला नमन करणाऱ्या सुमारें 25 पुरुषांचा यहेज्केल संदेष्ट्यानें तीव्र धिक्कार केला आहे. आम्हां सूर्यास अर्घ्य देणारांस हा रोष विलक्षण वाटतो. पण ज्यांना निर्माता आणि निर्मिति यांत गल्लत होऊं द्यावयाची नव्हती, त्यांची ही दक्षता समजण्याजोगी आहे.

इ. स. 70 मध्यें रोमन सैन्यानें तें मंदिर उद्ध्वस्त केलें. तरी प्रार्थनेच्या वेळीं यहुद्यांचें तोंड यरुशलेमकडेच राहिलें. युरोपांतून तें नगर पूर्वेस पडे. म्हणून तेथील घरांत पूर्वेच्या भिंतीवर ‘मिझराह’, म्हणजे ‘उगवती’, या शब्दाचा सजविलेला कागद लावण्याची चाल पडली. कोंकणांतील मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजास हा कागद निरुपयोगी. त्यांचें यरुशलेम अरबी समुद्रापलीकडे, मावळतीस. म्हणून त्यांच्या प्रार्थनामंदिरांत धर्मग्रंथाच्या गुंडाळ्यांची पेटी पश्चिमेच्या भिंतीशीं असते.


1948 नंतर त्यांतील बहुसंख्य इस्राएलांत जाऊन राहिले. तेथें अरब देशांतून आलेल्या यहुद्यांस ‘मिझराही’, म्हणजे पौर्वात्य, म्हणतात. मोरोक्कोचे यहुदीहि त्यांतच मोडतात, आणि मोरोक्कोचें अरबी नांव तर ‘मघ्रिब’, म्हणजे पश्चिम!