जंतूंच्या जनुकांची मांडणी

मनुष्याच्या आंतड्यांत वास करणाऱ्या एशेरिशिया कोलाय या जंतूचें गुणसूत्र कंकणाकृति असतें. १९९७ सालीं त्याच्या एका वाणाचें समग्र वाचन प्रसिद्ध झालें. तेव्हां ४६ लक्ष अक्षरांच्या त्या कंकणावर सुमारें ४,३०० जनुकें आढळलीं. तीं वाटेल तशीं विखुरलेलीं आहेत, कीं त्यांच्या क्रमाला कांहीं अर्थ आहे?

पहिला उलगडा पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत झाला. फ्रान्स्वा जाकोब व जाक मोनो यांनीं १९६१ सालीं असें प्रतिपादिलें कीं, दुधांतील शर्करा पचविण्याच्या कामाचीं जनुकें शेजारीं-शेजारीं असून त्यांचें नियमन एकाच ठिकाणाहून होतें. शर्करा नसतां सर्व निद्रिस्त. ती मिळतांच सर्व एकदम जागीं. अशा गटास ऑपेरॉन म्हणतात. ही काटकसर कोणत्याही गृहिणीस पटेल!

दुसरें कारण अधिक सूक्ष्म आहे. कंकणाची नक्कल एका ठराविक बिंदूपासून दोन्ही बाजूंनीं पुढें सरकते व पुरी होण्यास सुमारें ४० मिनिटें घेते. उत्तम अन्न मिळाल्यास जंतु मात्र २० मिनिटांतच दुभंगतो. अर्थात् पहिली नक्कल संपण्यापूर्वींच दुसरी आरंभावी लागते, आणि आरंभबिंदूजवळील जनुकांच्या प्रती दूरच्यांपेक्षां अधिक होतात. प्रथिनें घडविणाऱ्या यंत्रणेचीं जनुकें बहुधा याच बाजूस आढळतात, यांत नवल नाहीं.

तथापि हा क्रम शाश्वत नव्हे. कांहीं तुकडे उलटे बसतात, कांहीं गळतात, कांहीं परक्या जंतूंकडून येतात. दूरच्या नात्यांतील दोन जंतूंची तुलना केली असतां मोठा क्रम पार विस्कटलेला दिसतो, लहान गट मात्र टिकून असतात. बिऱ्हाड हललें तरी कुटुंब एकत्र राहावें, तसें. रायबोसोमच्या कित्येक प्रथिनांच्या जनुकांचा क्रम कोलाय व मातींतील बॅसिलस सबटिलिस या अत्यंत दूरच्या जंतूंतही बराचसा एकच आहे. मोठ्या उलटफेरांपैकीं आरंभबिंदूच्या दोन्ही बाजूंस सारखे पसरलेले अधिक टिकतात. कारण त्यांत जनुकांचें त्या बिंदूपासूनचें अंतर फारसें बदलत नाहीं.

१८९६ सालीं मुंबईंत हाहाकार उडविणाऱ्या प्लेगच्या जंतूंत ही उलथापालथ फार झाली आहे. त्याच्या गुणसूत्रांत जागा बदलणारे छोटे तुकडे शंभरांहून अधिक असून, दोन सारख्या तुकड्यांमधील भाग सहज उलटा होतो. २००१ व २००२ सालीं याच्या दोन वाणांचें वाचन प्रसिद्ध झालें: अक्षरें बहुतांशीं तींच, क्रम मात्र ठिकठिकाणीं फिरलेला. म्हणून प्लेगची सांथ कोठून कोठें गेली हें शोधणाऱ्यांस या क्रमावर विसंबून चालत नाहीं. एकेका अक्षराचा फरक मोजूनच त्याची वंशावळ लावावी लागते.