पाऊस येण्याआधी दाराकडे बघा



मागच्या जुलैत गटातल्या एका ताईंचं दार फुगून खाली टेकलं. कडी लागेना. घरधनी रात्रपाळीला, घरात दोन लहान मुलं. सुतार म्हणाला, "पावसाळा झाल्यावर बघू." चार रात्री त्यांनी दार दोरीने बांधून काढल्या. बिघाड होता फक्त वरच्या बिजागरीच्या दोन स्क्रूंचा. ही दुरुस्ती आपल्यालाही जमते, म्हणून हा लेख.

घोडबंदर रोडच्या एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. ओवळा, गायमुखकडच्या पाड्यांवर पावसाची झड नैऋत्येकडून येते. त्या बाजूला तोंड असलेलं दार सगळ्यात आधी खराब होतं. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धरतो खरा, पण वारा तेवढं थांबत नाही. निसर्ग वादळ 3 जून 2020 ला आलं आणि तौक्तेचा तडाखा बसला 17 मे 2021 ला. म्हणून अक्षय्य तृतीयेच्या सुमारास दाराचं काम उरकून घ्यावं.

आधी दुखणं ओळखा

दार लावून फटी बघा. बिजागरीच्या बाजूला वर फट मोठी दिसते आणि कडीच्या बाजूचा खालचा कोपरा जमिनीला घासतो, म्हणजे वरची बिजागरी सैल झाली. कडीच्या बाजूची अख्खी कड चौकटीला घासते, म्हणजे लाकूड पाणी पिऊन फुगलं. दोन्हींचा उपाय वेगळा आहे.

सैल बिजागरी

दाराखाली पाचर सरकवा, म्हणजे भार बिजागरीवर राहणार नाही. एका वेळी एकच स्क्रू काढा. भोक मोठं झालं असेल तर बांबूची काडी फेविकॉलमध्ये बुडवून घट्ट ठोका, वर आलेला भाग कापा आणि रात्रभर वाळू द्या. मग त्यातच थोडा लांब स्क्रू पिळा. सगळे स्क्रू एकदम काढू नका, दार अंगावर येईल. दार उतरवायचंच झालं तर दोघी-तिघी मिळून, आणि सकाळी. संध्याकाळच्या आत ते परत बसलं पाहिजे.

फुगलेलं दार

भर पावसात रंधा मारायची घाई करू नका. ओलं लाकूड जास्त तासलं, की उन्हाळ्यात आकसून बोटभर फट पडते. घासणाऱ्या जागी खडूने खूण करा आणि तेवढाच भाग पॉलिश पेपरने हलका घासा. खरं तासकाम दार पूर्ण सुकल्यावर.

कुजलेला तळ

स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तळाशी टोचून बघा. टोक सहज रुतलं तर लाकूड कुजलंय. कुजका भाग खरवडून काढा, जागा पूर्ण वाळू द्या. एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घेऊन एकच रंग होईपर्यंत मळा आणि खड्डा भरा. कडक झाल्यावर घासून रंग द्या. आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: दाराची खालची कड बहुतेक वेळा बिनरंगाची राहते, कारण ती कुणाला दिसत नाही. पाणी तिथूनच वर चढतं. तिला दोन हात ऑइलपेंट द्याच.

दार पत्र्याचं असेल तर गंज घासून काढा, आधी रेड ऑक्साइड आणि ते सुकल्यावर ऑइलपेंट लावा. घासताना नाकाला ओढणी बांधा.

खालची फट आणि जाळी

जुन्या सायकलच्या ट्यूबची चार बोटं रुंद पट्टी कापा. दार ज्या बाजूला उघडतं त्या बाजूने, तळाशी, लाकडी पट्टीखाली दाबून खिळे मारा. ट्यूब उंबऱ्याला जेमतेम टेकली पाहिजे. पाणी अडतं, विंचू आणि सापाची पिल्लंही.

जाळीच्या दाराला लहान भोक असेल तर नायलॉनच्या दोऱ्याने शिवा. मोठं असेल तर जाळीच बदला. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून जाळीचं दार दिवसाही लावलेलं असू द्या.

सुतार कधी बोलवायचा?

चौकटीला वाळवी लागली असेल, चौकट भिंतीतून हलत असेल किंवा दाराची फळी मधून फाटली असेल, तर स्वतः हात घालू नका. घर भाड्याचं असेल तर आधी मालकाला सांगा.

काम झालं की एक परीक्षा घ्या. आतून, अंधारात, एका हाताने कडी काढून दार उघडता आलं पाहिजे. लहानग्यालाही ते जमलं पाहिजे. शॉर्टसर्किट झालं किंवा घरात पाणी शिरलं, तर दार झटकन उघडणं हीच सुरक्षा.

स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, रंधा प्रत्येकीने विकत घ्यायची गरज नाही. गटात एकच संच ठेवा आणि नोंदवहीत लिहून द्या-घ्या. मोठं काम निघालं तर अंतर्गत कर्जाचा विषय मासिक बैठकीत मांडा. गटात एखादी ताई एकटी राहत असेल, तर पहिलं दार तिचं धरा.