पनामाचं तिकीट परवडत नाही? मग पुलिकतला चला!

पनामात जहाजं लॉकमधून चढून पावसाळी जंगलातल्या गातुन तलावात जातात. चेन्नईकर मंडळी, आपल्याकडे जंगल नाही, पण कालवा, लॉक आणि तलाव तिन्ही आहेत.

बकिंगहॅम कालव्याचं काम 1806 मध्ये सुरू झालं. 1877-78 च्या दुष्काळात, रोजगार म्हणून, शहरातल्या कूवम आणि अड्यार नद्या जोडणारा तुकडा खणला गेला. पनामात लॉक बोटीला 26 मीटर वर उचलतं; इथं चढ नव्हताच. भरती-ओहोटीनं नदीच्या तोंडाशी पाणी वरखाली व्हायचं, म्हणून दारं. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी समपातळीत आलं की पुढचं उघडायचं. शहरात आज याच कालव्यात एमआरटीएस रेल्वेचे खांब उभे आहेत. वास सहन होत असेल तर बघा!

उत्तरेला हाच कालवा पुलिकतला भेटतो. चिल्कानंतरचं देशातलं दुसरं मोठं खारं सरोवर. हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात. दुर्बीण हवीच: चोच उलटी धरून ते चिखलपाणी गाळून खातात, ते पाहण्यासारखं असतं.

सेंट्रलहून लोकलनं पोन्नेरी, पुढे बस. 2011 मध्ये इथं बोट उलटून मोठा अपघात झाला होता. त्यामुळे बोटीतून फिरायचं असेल तर परवानगीची चौकशी आधी करा, लाइफ जॅकेटशिवाय बसू नका. बोट नाही मिळाली तर डच दफनभूमी गाठा. दारावरच दगडी सांगाडे कोरलेत!