तांबडी पेशी आणि ताकदीची गोळी

मुलगी दमते, चेहरा फिका दिसतो, ‘रक्त कमी आहे’ असे कुणीतरी म्हणते. मग मेडिकलमधून ताकदीची गोळी येते. हल्ली तिच्या पाकिटावर ‘अँटिऑक्सिडंट’ असे ठळक छापलेले असते, आत क आणि ई जीवनसत्त्व. वर्धा जिल्ह्यात ही घाई विशेष टाळायला हवी. ग्रामीण वर्ध्यातल्या किशोरवयीन मुलींच्या 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे 60 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता. त्यात लोहाची कमतरता हे मोठे कारण असतेच, पण विदर्भात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजारही आहे. दोन्हींत दमणूक सारखीच, उपचार मात्र वेगळे.

तांबड्या पेशीला केंद्रक नसते, त्यामुळे बिघडलेला भाग नवा करता येत नाही. तरीही ती सुमारे 120 दिवस ऑक्सिजन वाहते. या कामात थोडे हिमोग्लोबिन रोजच खराब होते आणि पेशीतली विकरे ते पुन्हा दुरुस्त करतात. पेशीच्या आवरणात ई जीवनसत्त्व पहारा देते. ते खर्ची पडले की क जीवनसत्त्व त्याला पुन्हा कामाला लावते. म्हणजे गोळीमागची कल्पना निराधार नाही.

सिकलसेलमध्ये पेशी जेमतेम 10 ते 20 दिवस टिकते. मग हा पहारा गोळीने वाढवला तर? ब्राझीलमध्ये 83 प्रौढ रुग्णांवर 180 दिवस हा प्रयोग झाला. एका गटाला क आणि ई मोठ्या मात्रेत दिले. 2013 मध्ये निष्कर्ष आला: रक्तक्षय सुधारला नाही, उलट पेशी फुटण्याच्या खुणा वाढल्या. प्रयोग छोटा आहे, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. फुटलेल्या पेशींतून लोह बाहेर पडते, आणि मोकळ्या लोहाच्या संगतीत क जीवनसत्त्व नुकसान वाढवूही शकते. सिकलसेल हा रेणूचा आजार आहे हे 1949 मध्ये दाखवणारे रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग पुढे क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांचे जगातले सर्वांत प्रसिद्ध पुरस्कर्ते झाले. त्यांची पहिली गोष्ट टिकली, दुसरीला प्रयोगांनी फारसा आधार दिला नाही.

जेवणातल्या क जीवनसत्त्वाची गोष्ट निराळी. भाकर, डाळ, पालेभाजी यांतले लोह आतड्यातून सहज शोषले जात नाही. क जीवनसत्त्व त्याचे रूप बदलून ते शोषण्याजोगे करते. 100 ग्रॅम पेरूत ते सुमारे 200 मिलिग्रॅम असते, दिवसाच्या गरजेहून कितीतरी जास्त. वरणावर लिंबू पिळा, जेवणासोबत पेरू खा आणि चहा तास-दोन तासांनी घ्या.

कोणतीही गोळी घेण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन आणि सिकलसेल, दोन्ही तपासून घ्या. शाळेत मिळणाऱ्या आठवड्याच्या गोळीत लोह आणि फॉलिक आम्ल असते. ती बहुतेक मुलींना उपयोगाची. सिकलसेलच्या रुग्णाने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाची गोळी घेऊ नये, आणि अँटिऑक्सिडंटचीही.