हंसाच्या मानेतला ठिपका

सर्वपित्री अमावास्येला उज्जैनची दिवसाची गर्दी शिप्रेच्या घाटांवर असते. रात्री नानाखेड्यात आमच्या गच्चीवर असते ती डासांची. बसस्थानकाच्या बाजूचं आभाळ दिव्यांनी पांढुरकं झालेलं, पण हंस तारकासमूह या दिवसांत आठाच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो म्हणून बचावतो. त्याच्या मानेतला तारा सापडला, की सहा इंची दुर्बीण अर्धा अंशही सरकवावी लागत नाही. तिथे नवव्या प्रतीचा एक फिकट ठिपका आहे.

"दिसलं का तुझं विवर?" आई जिन्यातून विचारते.

"शेजारी दिसला," मी म्हणतो.

खरं तेच आहे. ठिपका म्हणजे निळसर महाकाय तारा. त्याच्याभोवती ५.६ दिवसांत घिरटी घालणारं, सुमारे २१ सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर म्हणजे सिग्नस एक्स-१. अंतर सुमारे ७,२०० प्रकाशवर्षं. १९६४ साली अग्निबाणातून वर पाठवलेल्या उपकरणांना तिथून येणारे क्ष-किरण पहिल्यांदा सापडले. ताऱ्याचा वायू विवराकडे ओढला जातो, थेट पडत नाही, गरगरत चकती होते आणि घर्षणाने लाखो अंश तापते. आतल्या भागात त्याहूनही तप्त इलेक्ट्रॉनांचा ढग असतो. चकतीचे फोटॉन त्यांवर आपटून आणखी ऊर्जा घेऊन बाहेर पडतात. विवराच्या सीमेच्या आत जे गेलं त्याची खबर नाही. आपल्याला मिळते ती काठावरची धक्काबुक्की.

ती पाहायला गच्ची सोडून संगणकापाशी बसावं लागतं. २८ सप्टेंबर २०१५ रोजी इस्रोने सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवर कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचं एक उपकरण आहे. त्याच्या विदेचं काम पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत चालतं. कडक, म्हणजे जास्त ऊर्जेच्या क्ष-किरणांना भिंग वळवू शकत नाही, म्हणून वर टँटलमचा अर्धा मिलिमीटर जाडीचा, ठरावीक भोकांचा पत्रा आणि खाली १६,३८४ चौकटी. पत्र्याची सावली चौकटींवर कुठे पडली, त्यावरून किरण कुठून आले ते काढायचं.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. नानाखेड्यापासून थोड्या अंतरावर, शिप्रेकाठच्या जंतरमंतरात सम्राट यंत्र नावाचं सूर्यघड्याळ हेच करतं. १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती वेधशाळा दुरुस्त करून घेतली. सावलीवरून निघालेल्या वेळेत घड्याळासाठी सुमारे २७ मिनिटं मिळवावी लागतात, कारण घड्याळ चालतं प्रयागराजजवळच्या रेखावृत्तावर. वर वर्षभरात बदलत जाणारी काही मिनिटांची घटबढ वेगळीच.

फरक एवढाच, की १०० किलो इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर पत्राच पारदर्शक होतो. सावली संपते. तिथून पुढे मोजायच्या त्या जोड्या. फोटॉन एका चौकटीतल्या इलेक्ट्रॉनला धडकतो, थोडी ऊर्जा तिथे टाकतो आणि उरलेली शेजारच्या चौकटीत. किरण ध्रुवित असले तर या उड्या एका दिशेला जास्त पडतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या कामात सिग्नस एक्स-१ चे १०० ते ३८० किलो इलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण सुमारे २३ टक्के ध्रुवित निघाले. तप्त ढगातून एवढं ध्रुवीकरण येत नाही. चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेत, विवराजवळून सुटणाऱ्या झोताबरोबर बाहेर फेकल्या जाणाऱ्या कणांकडे बोट गेलं ते त्यामुळे.

त्या उपकरणाची जुनी फाइल उघडली की नुसत्या ओळी: वेळ, शोधक, चौकट, ऊर्जा. बऱ्याच ओळी कचऱ्याच्या. एखादा वैश्विक किरण आदळला, की एकदम नोंदींचा घोळका येतो. तो पाखडून टाकायचा. नुसत्याच बडबडणाऱ्या चौकटी निवडून काढायच्या. आजी तांदळातले खडे निवडायची, तसं. आज्ञावली हे सगळं झरझर करते, पण मला एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. मध्येच दोन ओळी सापडतात: क्षण एकच, चौकटी लगतच्या, ऊर्जा वाटून घेतलेली. हा फोटॉन हंसाकडून आला की भलतीकडून घुसला, हे एकट्या जोडीवरून कळत नाही. त्यासाठी हजारो जोड्या लागतात.

त्या रात्री मी हाताने सदतीस मोजल्या.